फेबियनची परमिट रूम

सन शहाऐंशीत विरारकडे इमारती उठायला लागल्या, तसं बोळिंजच्या रस्त्यावर ज्याच्या हातात चार पैसे खेळू लागले त्याला एकच स्वप्न पडायला लागलं: छोटासा बार काढावा. गुत्ता नव्हे हां. नीटनेटका, सभ्य माणसांचा, नोकरी सांभाळून चालेल असा. स्वप्न पडलं की माणूस सायकल काढून वटारला फेबियनकडे जायचा. कारण असा बार त्या पट्ट्यात पहिल्यांदा काढणारा आणि चालता असताना बंद करणाराही फेबियनच. काढला तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले आणि बंद केला तेव्हाही वेडाच म्हणाले. लोकांचं एक बरं असतं, त्यांना मत बदलावं लागत नाही.

येणाऱ्याला फेबियन खरं ते सांगायचा. "धंदा चांगला आहे. केळीपेक्षा बरा, नोकरीपेक्षा तर फारच बरा." मग माणूस विचारायचा, तर तुम्ही बंद का केला? त्यावर फेबियन उठून वाडीतल्या पाटाचं पाणी बघायला जायचा, आणि ते पाणी बघण्यासारखं नसायचंच.

फेबियन मुंबईला गोदीत कारकून होता. बावन्न वर्षांचा, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. रविवारची चर्चमधली मिस्सा त्यानं कधी चुकवली नाही आणि कुणाशी भांडण केलं नाही. अशा माणसाला बार कुठून सुचला? तर गोदीतूनच सुचला. बोटींवरचे अधिकारी संध्याकाळी एका छोट्या क्लबात बसायचे. फेबियन कागद घेऊन तिथं जायचा तेव्हा बघायचा, माणसं पितात पण आवाज चढत नाही, कुणी कुणाची आई काढत नाही. त्याच्या गावात त्यानं पाहिलेली दारू म्हणजे वाडीत चोरून गाळलेली केळ्याची, केळीच्या पानांखाली पुरलेल्या डब्यातली. ती प्यायलेला माणूस बांधावर पडलेला सापडायचा. फेबियनला वाटलं, वाईट दारू नाही, वाईट ती पिण्याची जागा. जागा चांगली केली की सगळं चांगलं होईल. हा समज करून घ्यायला माणूस शिकलेलाच लागतो.

दारूबंदी ढिली झाली होती. परमिट रूमचे परवाने मिळत होते. बोळिंजच्या रस्त्यावर बापाची एक पट्टी होती, खारवट, केळ न धरणारी. बायको क्लेमेंटीन म्हणाली, "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही. तुमच्या घरात आधीच एक गेलाय."

तो एक म्हणजे जेम्स, फेबियनचा थोरला भाऊ. फेबियनच्या लग्नानंतर वर्षाच्या आत तो दारूनं गेला होता. फेबियन म्हणाला, "जेम्सला अशी जागा मिळाली असती तर तो गेला नसता." क्लेमेंटीन गप्प बसली. तिला पटलं म्हणून नव्हे. जेम्सचं नाव नवऱ्याच्या तोंडून तिनं सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून.

पंचाहत्तर साली खोली उभी राहिली. सहा टेबलं, वेताच्या खुर्च्या, खिडक्यांना हिरवे पडदे, आणि मागच्या बाजूनं एक दार, कारण ताकाला जाऊन भांडं लपवणारी सभ्य माणसं पुढच्या दारानं येत नाहीत. पहिल्या आठवड्यात बर्फ मासळीवाल्यांकडून आणला, तर व्हिस्कीला बोंबलाचा वास यायला लागला. मग फेबियननं फ्रिज घेतला. गिऱ्हाइकाचं परमिटही तोच भरून द्यायचा. त्यावर छापलेलं असायचं की सदर इसमास प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी मद्य घेण्यास परवानगी आहे. मास्तर, बँकेचे साहेब, बागायतदार, सगळे प्रकृतीच्या स्वास्थ्यासाठी यायचे. फेबियन गोदीतून परतला की कपडे बदलून सात वाजता गल्ल्यामागे उभा राहायचा. तीन वर्षांत घरावर दुसरा मजला चढला.

पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी बिनसली होती, आणि ती फेबियनशिवाय कुणाला कळली नव्हती.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. कार्यप्रसंगाला बाटली उघडली की घरातल्या थोरल्या पुरुषानं पेल्यातले तीन थेंब भुईवर सोडायचे, घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची, आणि उरलेला पेला स्वतः पिऊन टाकायचा. मग बाकीच्यांनी. मेलेल्यांचा वाटा आधी, जिवंतांचा मागून. फक्त दारूनं मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, असं जुनी माणसं सांगत. आगीनं गेला त्याला आगीचा नैवेद्य कशाला? उद्घाटनाला फादरांनी खोलीवर पाणी शिंपडलं आणि ते गेल्यावर फेबियननं बाटली उघडली. तीन थेंब सोडले. बापाचं, आईचं, काकाचं नाव घेतलं. जेम्सचं नाव जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर वास आला. व्हिस्कीचा नाही, रमचा नाही. वाडीत गाळलेल्या केळ्याच्या दारूचा वास, आंबूस, गोडसर. त्या खोलीत सीलबंद बाटलीखेरीज काही आलेलं नव्हतं. वेटर रॉबर्ट नाक वर करून म्हणाला, "मला तर फिनेलचा येतोय." क्लेमेंटीनला आणून उभं केलं, तिलाही काही आलं नाही. फेबियननं खिडक्या उघडल्या, तासाभरानं वास गेला. दुसऱ्या सकाळी परत. रोज सकाळी कुणीतरी रात्रभर बसून गेल्यासारखा तो वास खिडकीजवळच्या टेबलापाशी साचलेला असायचा.

फेबियन घाबरला, हे सरळच सांगितलेलं बरं. भुताला तो घाबरत नव्हता. तो भावाला घाबरत होता. त्याला वाटायचं, रोज इथं बाटल्या उघडतात, सगळ्यांना मिळतं, आणि ज्याला तहान लागलीय त्याचं मी नावही घेत नाही.

त्या खिडकीजवळच्या टेबलावर काशिनाथ मास्तर बसायचे. निर्मळचे, शाळेत गणित शिकवायचे, घरची फुलांची वाडी. दोन पेगांच्या पुढे कधी गेले नाहीत. पण पहिल्याच दिवशी मास्तरांनी पेला उचलला, तोंडाला लावण्याआधी त्याची कड अंगठ्यानं पुसली, एकदा, सावकाश, आणि फेबियनच्या अंगावर काटा आला. जेम्स हुबेहूब असंच करायचा. स्वच्छ पेला असला तरी करायचा.

असं करणारी माणसं जगात पुष्कळ असतील. फेबियनला हे कळत होतं. कळून उपयोग काय, तो मास्तरांच्या टेबलाकडे बघतच राहायचा. मास्तरांचे दोन पेग तीन झाले, मग चार. चांगल्या जागेत पिण्याचं हेच तर कौतुक असतं. गुत्त्यावरचा माणूस रस्त्यात पडतो, चार लोक बघतात, घरी निरोप जातो. इथं माणूस भांग नीट करतो, बडीशेप चघळतो, स्कूटरला किक मारतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. फेबियननं वाईट जागा काढून टाकली होती. बाकी सगळं होतं तिथंच राहिलं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात एका दुपारी मास्तरांची बायको सावित्री मागच्या दारानं आली. हातात मोगऱ्याच्या कळ्यांचा पुडा होता, क्लेमेंटीनसाठी. भांडायला आली नव्हती.

"फेबियनभाऊ," ती म्हणाली, "ह्यांनी सोडलीय. डॉक्टरांनी फार बजावलंय. देवीच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतलीय ह्यांनी. पण संध्याकाळी घरात जीव रमत नाही त्यांचा, इथं येतील, लिंबू-सोडा घेतील. तुम्ही तेवढं बघा. त्यांनी मागितली तरी देऊ नका."

"वहिनी, माझ्या हातून जाणार नाही," फेबियन म्हणाला. आणि ते मनापासून म्हणाला.

तीन महिने मास्तर लिंबू-सोडा घेत बसले. त्या पेल्याचीही कड पुसायचे. चेहऱ्यावर रंग आला, शाळेतून आलेल्या वह्या ते टेबलावर तपासायला लागले.

मग नोव्हेंबरची दोन तारीख आली, सर्व मृतांचा दिवस. सकाळी दफनभूमीत फादरांनी कबरींवर पाणी शिंपडलं, लोकांनी मेणबत्त्या लावल्या, झेंडूची फुलं टाकली. फेबियन जेम्सच्या कबरीपाशी उभा होता आणि तिथंही त्याला तो वास आला. उघड्यावर, मेणबत्त्यांच्या धुरात, शंभर माणसांत. आता मात्र त्याचा धीर सुटला.

आणि मग त्यानं ती चूक केली. त्याच्या घरात आणखीही एक रीत होती. मेलेल्याच्या आठवणीचं जेवण असलं की बाहेरच्या एका माणसाला त्याच्या जागेवर बसवायचं, मेलेल्याला आवडायचं ते त्याला वाढायचं. त्यानं खाल्लं की मेलेल्याला पोचलं. बसवलेल्या माणसानं नाही म्हणायचं नसतं. जेम्सच्या जागेवर कधी कुणाला बसवलं नव्हतं.

त्या दिवशी बार बंद होता. फेबियननं मास्तरांना निरोप धाडला. संध्याकाळी सहाला ते आले, आपल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. फेबियननं कपाटातली सगळ्यात चांगली बाटली काढली, पेला भरला आणि पुढे ठेवला.

"मास्तर, हा तुम्हाला नाही. माझ्या भावाला आहे. त्याच्या जागेवर तुम्ही बसायचं. एकदाच."

मास्तर पेल्याकडे बघत राहिले. "मी शपथ घेतलीय, फेबियन."

"तुमची शपथ तुमच्यापुरती. हा वाटा त्याचा आहे."

मेलेल्याच्या नावाचं नाही म्हणू नये, हे मास्तरांच्याही घरात शिकवलेलं होतं. त्यांनी कड पुसली आणि प्यायले. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर वास नव्हता. फेबियननं हुश्श केलं. त्या आठवड्यात तो घरात गाणं गुणगुणला, असं क्लेमेंटीन सांगते.

पंधरा दिवसांनी मास्तर आले आणि लिंबू-सोडा न मागता म्हणाले, "आज तुझ्या भावाचा वाटा नाही का?" हसून म्हणाले. फेबियननं दिला नाही. मास्तर उठले आणि स्टेशनकडच्या गुत्त्यावर गेले. एकोणऐंशीच्या चैत्रात ते दारूनंच गेले. तेराव्याच्या आत फेबियननं परमिट रूमला कुलूप लावलं. परवाना परत केला, रॉबर्टला दुसरीकडे नोकरी बघून दिली. लोकांनी ठरवलं की परवान्याच्या साहेबांशी काहीतरी वाजलं असणार. फेबियननं कुणाला काही सांगितलं नाही, आणि निर्मळच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

कुलपाआड वास परत आला होता. सात वर्षं दर रविवारी मिस्सा झाली की फेबियन बोळिंजला जायचा, खिडक्या उघडायचा, तासभर उभा राहायचा आणि परत यायचा. त्याला एकच हवं होतं: ती खोली कुणीतरी घ्यावी आणि आपल्याला सोडवावं. पण 'बंद का केला' असं कुणी विचारलं की तो उठून पाटाकडे जायचा.

अशा वेळी विद्याधर आला. काशिनाथ मास्तरांचा मुलगा, बँकेत अधिकारी, पस्तिशीचा. त्यानं गेटातूनच हाक मारली, "फेबियनकाका, तुमची खोली घ्यायची म्हणतोय. जोडधंदा म्हणून छोटा बार काढायचाय. चांगला."

फेबियनच्या हातातलं केळीचं पान खाली पडलं.

रविवारी दोघं बोळिंजला गेले. कुलूप काढलं. वास अंगावर आला तसा फेबियन उंबऱ्यावर थबकला. विद्याधर सरळ आत गेला, खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवून म्हणाला, "काय टिकलंय हो सगळं. नुसता रंग मारला की झालं." मग तो बँकेतल्या माणसासारखं विचारायला लागला. किती गिऱ्हाईक यायचं, गुंतवलेलं किती दिवसांत सुटलं, परवान्याला किती चकरा. फेबियन एकेकाचं उत्तर देत गेला. धंदा चांगलाच होता, खोटं कशाला बोला? आजूबाजूला इमारती येत होत्या. आता तर दुप्पट चालला असता.

"मग पैसे टाकायला हरकत नाही," विद्याधर म्हणाला. "किंमत तुम्ही म्हणाल ती."

फेबियननं खिशातली किल्ली काढली. सात वर्षांचं ओझं एवढ्याशा लोखंडात मावलं होतं. ती फक्त पुढे करायची होती. त्याचा हात पुढे झालाही.

"फक्त आईची एक अट आहे," विद्याधर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला. "हसू नका. बाबा त्या दिवशी घरी आले तेव्हा आईला म्हणाले, मी शपथ मोडली नाही, मी फेबियनच्या भावाच्या जागेवर बसलो होतो. आईला सगळं माहीत आहे, काका. पहिल्यापासून. बाबा गेल्यावर ती पितृपक्षात दोन पानं ठेवते. एक बाबांचं. एक तुमच्या जेम्सचं."

फेबियन खाली बसला. कुठल्या खुर्चीत बसला हेही त्यानं बघितलं नाही.

"नाव घेऊन?" त्यानं विचारलं.

"नाव घेऊन. माया म्हणून नाही हो, भीती म्हणून. त्यानं बाबांना नेलं, आता मला धरू नये म्हणून. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवतो. जेम्सच्या पानाला सात वर्षांत एकदाही शिवला नाही. आईनं सगळं बोलून बघितलं. खीर करीन, वडे करीन, तुमच्या चर्चमध्ये मिस्सा सांगीन. गेल्या वर्षी मला म्हणाली, एक बाटली आण. आमच्या घरात, काका. पेला भरून पानावर ठेवला. कावळा कुंपणावर येऊन बसला, बघितलं आणि उडून गेला." विद्याधर थांबला. "ती म्हणाली, फेबियनभाऊंना विचार, त्याची इच्छा पुरी झाली का. झाली असेल तर खोली घे. नसेल तर काय राहिलंय ते विचारून ये."

एवढं एकच 'झाली' म्हणायचं होतं. म्हणायला किती वेळ लागतो? किल्ली विद्याधरच्या हातात गेली असती, आणि वास त्याच्या वाट्याला गेला असता. पण ज्या खोलीत आपण बापाला बसवलं तिथं आता लेक उभा होता, आणि त्याच्या आईनं आपल्या भावाला सात वर्षं नावानं हाक मारली होती. ते काम आपलं होतं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते फेबियनला समोर दिसायला लागलं.

सन एकोणसाठ, त्याचं स्वतःचं लग्न. मांडवामागे केळीच्या पानांखाली डबे दडवलेले. जेम्सनं आठ महिने दारूला हात लावला नव्हता, अंगात नवा कोट, डोळे स्वच्छ. पेला भरला आणि थोरल्याच्या हातात द्यायची वेळ आली. जेम्स हळूच म्हणाला, "फेबियन, मला नको रे. आज तू ओत." फेबियन म्हणाला, "थोरला जिवंत असताना धाकट्यानं ओतायचं? लोक काय म्हणतील?" जेम्स परत म्हणाला, "नको रे." वाजंत्री थांबली होती, पाहुणे बघत होते. फेबियननं पेला त्याच्या हातात दिला आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला. जेम्सनं थेंब सोडले, नावं घेतली, कड पुसली आणि पेला रिकामा केला. पुढं वर्षभर तो पीतच राहिला.

सव्वीस वर्षं फेबियनला वाटत होतं की जेम्स तहानेला आहे. चांगली जागा काढली, चांगली बाटली काढली, दुसऱ्याच्या घरचा माणूस बसवला. आणि हे साधं त्याला कधी आठवू दिलं नाही मनानं.

"विद्याधर," तो म्हणाला, "आईला सांग, त्याला काही द्यायचं राहिलं नाही. त्याला नको होती. माझ्या लग्नात तो दोनदा नको म्हणाला आणि मी पाजली. तुझे बाबाही नको म्हणाले होते. त्यांनाही मी पाजली."

बाहेरून एक टेंपो विटा भरून गेला.

"तर मी आईला काय सांगू? खोलीचं?" विद्याधरनं विचारलं.

फेबियननं किल्ली खिशात परत टाकली. "धंदा चांगला आहे," तो म्हणाला. "पण बार काढू नकोस. तुझ्या बापाला ज्यानं पाजली तो सांगतोय म्हणून सांग."